स्वराच्या झोपेची तऱ्हा

अंगणवाडीच्या रजिस्टरात वजन, उंची, लसी, सगळ्याला रकाना आहे. किश्शांना न्हाय! म्हणून ते माझ्या डोक्यात साठतात आणि कुणी निवांत भेटलं की सांडतात.

आमच्या तामलवाडीतल्या चार वर्षांच्या स्वराचे तर एकटीचेच ढीगभर. तिचे आईवडील, सुवर्णा आणि दत्ता, मागच्या वर्षी वेगळे झाले. सुवर्णाचं माहेर गावातच, दोन गल्ल्या सोडून. स्वरा चार दिवस वडलांकडं, तीन दिवस आईकडं. आणि झोपायला आमच्या अंगणवाडीत!

*

वजनाचा दिवस होता. स्वराला काट्याच्या झोळीत बसवलं. काटा थांबायच्या आत पोरगी घोरायला लागली! मागं सगळ्या पोरांची रांग.

आमच्या मदतनीस शांताबाई म्हणाल्या, "बाई, हलवू नका. उरलेल्यांची उंची मोजून घ्या!"

*

एकदा बडबडगीतात सगळ्यांनी हात वर केले. गाणं संपलं, सगळ्यांचे खाली आले. स्वराचे वरच. उभ्या उभ्या, भिंतीला टेकून झोपलेली!

*

मग तिचं बोलणं आटलं. पूर्ण वाक्यं बोलणारी पोरगी एका शब्दावर आली.

"खिचडी खाती?" "न्हाय."

"गाणं म्हणती?" "न्हाय."

मी वैतागले. "हे न्हाय म्हणायचं बंद करती का?"

"न्हाय."

शांताबाई इतक्या हसल्या, की खिचडीत दोनदा मीठ पडलं. मीही हसले. पण घरी गेल्यावर काही करमेना.

*

मी दोघांना वेगवेगळं गाठलं.

दत्ता म्हणाला, "माझ्याकडं झोपतच न्हाय. आईची ओढणी मागती."

सुवर्णा म्हणाली, "माझ्याकडं ह्यांचा शर्ट मागती!"

मी दोघांनाही तेच सांगितलं, "मग द्या की! शर्ट इकडं, ओढणी तिकडं. त्यात काय कोर्टात जायचंय?"

दुसऱ्या दिवशी स्वरा हजर. अंगात घोट्यापर्यंत शर्ट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली.

"बाई, मी मोठी झाले."

चार शब्द! शांताबाईंनी सगळ्या पोरांना गूळ वाटला.

*

तेवढ्यावर मला हुरूप आला. दोघांना एका दुपारी एकत्रच बोलावलं. सतरंजीच्या दोन टोकांना, भिंतीला टेकून बसले. एकमेकांकडं बघायला तयार न्हाईत. स्वरा मधोमध.

ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं एकूण एक मी सांगायला लागले. झोपेची वेळ दोन्ही घरांत एकच ठेवा. लेकरासमोर भांडू नका. झोप मोडली की वाढ खुंटते, बोलणं मागं पडतं.

ऐकता ऐकता दत्ताची मान खाली गेली. मला वाटलं, शरमला. मग सुवर्णाचीही गेली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असंल. मी आवाज आणखी चढवला, "अहो, लेकराला शांत झोप लागली पायजे!"

स्वरानं ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, हळू बोला की! लई दिवसांनी झोपलेत दोघं."