अक्काचा फोटो, ॲपच्या मते माझा

फोन छातीवर ठेवून मी आडवी होते. पडद्यावर एक गोल फिरतोय आणि खाली अक्षरं: अपडेट सुरू आहे, फोन बंद करू नका. दुपारची जेवणं झालीत, खिडकीचा पडदा ओढलाय. बाहेर जायला निघालेले हे दारात चपला शोधत विचारतात, "तुझी सगळी लेकरं चार्जिंगला लागली का?"

"लागली."

"मग आता तूही लाग."

लेकरं म्हणजे माझं पावलं मोजणारं घड्याळ, बोलणारा डबा, टॅब, आणि घरभर फिरून केर काढणारं ते चपटं यंत्र. खरी लेकरं आम्हाला नाहीत. त्यामुळे हा विनोद आमच्या घरात जपून केला जातो, आणि हे तो जपूनच करतात.

मी दहावी झालेली बाई. साड्यांना फॉल-पिको करते. बाकी जे काही येतं ते व्हिडिओ बघून, बटणं दाबून, बिघडवून आणि परत नीट करून आलेलं. बार्शीत आमच्या गल्लीत कुणाचा ओटीपी आला नाही तर माझ्याकडे येतात, आणि आला तर तो वाचून घ्यायलाही माझ्याकडेच येतात. अपडेट आलं की लोक 'नंतर' दाबतात. मी कधीच नाही. नवं काय आलंय ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आज मात्र भीत भीत दाबलंय.

कारण मागच्या अपडेटने अक्काचा फोटो मला देऊन टाकला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कुंदा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. घरातले जुने फोटो मी स्कॅन करून एका खात्यात चढवलेत, घरातल्या सगळ्यांना ते दिसतात. ॲप चेहरे ओळखून ज्याचे त्याचे फोटो वेगळे काढतं, नावं तेवढी मी दिलेली. त्यात एक फोटो आहे. अक्काची केतकी, दीडएक महिन्याची, आणि तिला छातीशी धरून मान खाली घातलेली एक बाई. चेहरा अर्धाच दिसतो. इतकी वर्षं ती बाई अक्का होती. गेल्या आठवड्यापासून तिच्याखाली माझं नाव आहे, हेमलता. शेजारी प्रश्न: या दोघी एकच व्यक्ती आहेत का? आणि तीन बटणं. एकच आहे. वेगळ्या आहेत. सांगता येत नाही.

सकाळी पुण्याहून केतकीचा आवाजी निरोप आला. तिला सातवा महिना लागलाय, रविवारी डोहाळजेवण, तो फोटो मोठा करून मांडायचाय. "मावशी, ॲप चुकतंय ना गं? आईच आहे ना ती?" मग बारीक आवाजात, "आत्या म्हणाली, आईने म्हणे मला कितीतरी दिवस हातसुद्धा लावला नव्हता. काय खरं आहे? तू सांग. तू सांगशील तेच."

आत्या खोटं बोलली नाही. बाळंतपणानंतर अक्का भिंतीकडे तोंड करून पडून असायची. त्या आजाराचं नाव तेव्हा आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आईने मिरच्या ओवाळून टाकल्या आणि बाळ माझ्या हातात दिलं. फोटोतलं पोपटी पातळ आम्ही दोघी आलटून पालटून नेसायचो, त्यावरूनही काही ठरत नाही. पोरगी इतके दिवस माझ्या हातात होती, की त्यातला फोटोचा दिवस कुठला ते मला वेगळं काढता येत नाही. आणि त्या फोटोखाली माझं नाव बघून मला क्षणभर फार बरं वाटलं होतं, हेही आहे.

गोल फिरतोय. नव्या अपडेटने तरी सगळं मूळच्यासारखं व्हावं. पापण्या जड होतायत. गोल फिरतोय.

"सरक जरा," अक्का म्हणते.

मी सरकते. ती कडेला बसते आणि पलंग तिच्या बाजूला खाली जातो, माणूस बसल्यावर जातो तसा. तिचे केस ओले आहेत.

"कधी आलीस?"

"कधीची. तू बघतीस कुठं? छातीवर काय ठेवलंयस ते?"

"अपडेट चालू आहे."

"म्हणजे?"

"जुनं काढून नवं बसवतात."

"आणि जुनं कुठं जातं?"

हे मला माहीत असायला हवं. मला माहीत नाही.

पलंगाखालून घुरघुर येते. केर काढणारं यंत्र बाहेर पडतं, भिंतीला टेकतं, वळतं. ती भिंत आमच्या फ्लॅटची नाही. निळ्या चुन्याची आहे, माहेरच्या मधल्या खोलीची. कोपऱ्यात शेगडीवर ओवा टाकलाय, खोलीभर धूर आहे, आणि यंत्र धुरातून वाट काढत फिरतंय.

"हे कासव कुणाचं?"

"माझं. केर काढतं."

"अगं बया! आईनं बघितलं तर धपाटा घालंल. बाळंतिणीच्या खोलीत असली घुरघुर?"

ती हसते. हसता हसता अडकते. ओठ तसेच, डोळे तसेच, गालाचे बारीक बारीक चौकोन होतात. शेवटच्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरने व्हिडिओ कॉल लावून दिला, तेव्हा ती अशीच अडकली होती. मी नुसती विचारत राहिले, आवाज येतोय का, अक्का, आवाज येतोय का. त्यानंतर ती हललीच नाही. आता मीही हलत नाही. श्वास धरून ठेवते. माझ्या श्वासाने रेंज जाईल असं वाटतं.

"येतोय की आवाज," अक्का म्हणते. "ओरडतीस कशाला?"

"अक्का, एक विचारायचंय."

"फोटोचं ना."

मी फोन तिच्यापुढे धरते, पण हाताखाली काच लागते. मोबाईलच्या दुकानातलं काउंटर आहे. काचेखाली ओळीने नवे फोन, आणि प्रत्येकावर तोच फोटो. एकाखाली कुंदा लिहिलंय, पुढच्याखाली हेमलता. मी वाचायला वाकले की नाव बदलतं. दुकानाच्या मागच्या बाजूला बाळ रडतंय आणि कुणी उठत नाही.

"कुणीतरी घ्या तिला," मी म्हणते.

"तूच घेतीस की नेहमी."

हा टोमणा आहे का, कळत नाही. ती होती तेव्हाही कळायचं नाही.

"ती कोण आहे, अक्का? तू की मी?"

"तुझ्या यंत्राला विचार."

"ते म्हणतं, मी."

"मग झालं की. तुझ्यापेक्षा शिकलेलं आहे ते."

"चुकतं गं ते. तू गेलीस त्या वयाला येऊन पोचलेय मी. मला आता तुझ्यासारखं तोंड आलंय, म्हणून त्याचा गोंधळ होतो."

ती माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे करते. तिचा हात थंड नाही. चार्जिंगवरून काढलेल्या फोनसारखा कोमट आहे.

"माझ्यासारखं काही नाही," ती म्हणते. "माझं नाक बरं होतं."

"थट्टा करू नको. पोरगी विचारतीये. आईने मला घेतलं नाही, मग मी तरी माझ्या बाळाला घेईन का, असं आलंय तिच्या डोक्यात. ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं."

मागचं बाळ रडायचं थांबतं, ते जास्त वाईट.

"तुला काय पाहिजे?" अक्का विचारते.

"खरं काय ते."

"उगं काहीतरी. तुला फोटो पाहिजे."

काचेखालचे सगळे फोन एकदम काळे पडतात. प्रत्येकात माझं तोंड दिसतं, लहान लहान, ओळीने.

"पाहिजे," मी म्हणते. "पण घेणार नाही. तू नुसतं म्हण, की ती मी आहे. मी केतकीला तसंच सांगते. तू म्हटल्यावर ते खोटं कसं असेल?"

"मेलेल्या माणसाच्या नावावर खपवतीस होय?"

ती आता हसत नाही. माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. बराच वेळ बसलात, उठा, जरा चाला.

"कोण हुकूम सोडतंय?"

"घड्याळ."

"बरोबर सांगतंय. ऊठ. उजेड जातोय."

मी उठते आणि बसलेली असते. माहेरचं परस आहे, न्हाणीघराची पायरी आहे, उन्हाने तापलेली. अंगावर पोपटी पातळ आहे. हातात काहीतरी जड आहे, जिवंत. खाली बघायचा धीर होत नाही.

"मान वर करू नको," समोरून अक्काचा आवाज येतो. "तिच्याकडंच बघ."

"तू कुठे आहेस?"

"हलू नको म्हणते ना. रीळ संपत आलंय."

मी खाली बघते. केतकी झोपलीये. तिची टाळू उडतीये. डोळ्यांच्या कडेला मला फक्त अक्काचे पाय दिसतात. बाळंतिणीचे लोकरीचे मोजे, आणि त्यांना परसातली माती लागलेली. कितीतरी दिवसांत ती खोलीबाहेर आली नव्हती.

"हा आप्पांनी काढला होता ना?" मी मान खालीच ठेवून विचारते. आप्पा म्हणजे आमचे वडील. "सगळे म्हणतात, आप्पांनी काढला."

"आप्पांना कॅमेऱ्याचं झाकण काढायचं तरी कळत होतं का? अर्धं रीळ काळं आलं होतं त्यांचं."

"मग तू..."

"हातात घ्यायचा धीर होत नव्हता गं. वाटायचं, पडंल माझ्या हातनं. मीच पाडीन, असंही वाटायचं. कुणाला सांगणार होते? आईला? तिनं अजून चार मिरच्या जाळल्या असत्या. पण ह्याच्यातनं बघितलं की ती लांब दिसायची. बारीक. मग भीती वाटायची नाही. बघत बसले होते मी तिच्याकडं. बटण दाबलं ते कितीतरी वेळानं."

माझ्या हातातलं वजन श्वास घेतं.

"हे मी तिला कसं सांगू?"

"सगळ्या गल्लीला समजावतीस की."

"ती विचारेल, मावशी, तुला आठवतंय का?"

"मग आठवतंय का?"

मला मोजे दिसतायत. माती दिसतीये. पण हे मला आठवतंय, की झोपेत मीच रचतीये? फोटो मला, आई केतकीला, सगळ्यांची सोय होईल असं? मला या परसाचीच भीती वाटायला लागते. सगळं फार जागच्या जागी आहे.

"अक्का, मी वर बघू?"

"नको."

"एकदाच. चेहरा बघू दे. शेवटचा तो अडकलेला बघितलाय मी."

"हेमे, थांब गं. तिची झोप मोडंल. हं, अशीच राहा. आता..."

खट्ट.

मी जागी होते. पडद्याच्या फटीतून ऊन आत आलंय. मनगटाखाली घाम आहे. छातीवर फोन नाही. मी चादर झटकते, उशीखाली हात घालते, पलंगाखाली वाकते. फोन पायथ्याशी शिलाईच्या टेबलावर आहे, पिकोच्या साड्यांवर नीट ठेवलेला. मी तिथे ठेवलेला नाही. हे अजून परतलेले नाहीत.

अपडेट पूर्ण झालंय. त्या फोटोखाली अजून हेमलताच आहे. प्रश्न तसाच आहे, तिन्ही बटणं तशीच आहेत.

पण सगळ्यात शेवटी एक नवा फोटो आलाय. त्यात मी आहे. झोपलेली, तोंड थोडं उघडं, मान छातीकडे वळलेली, उशी कुशीत घट्ट धरलेली. टेबलावरून असा फोटो येणार नाही. उभं राहून, जरा लांबून काढलाय. चौकट किंचित तिरकी आहे.

फोन हातात वाजतो. केतकी.

"मावशी, झोपली होतीस का?"

"छे गं. बोल."

"माझा निरोप ऐकलास ना?"

"ऐकला." मी पलंगावर बसते, फोन स्पीकरवर टाकते. पुण्यातला तिचा पंखा ऐकू येतो.

"मग?"

"ॲप बरोबर आहे, बाळा. फोटोत मी आहे."

पंखा फिरतो.

"हं," ती म्हणते. "वाटलंच होतं मला." मग एकदम, पाच वर्षांच्या पोरीच्या आवाजात, "मग आई कुठे होती?"

मी पडद्यावरच्या त्या झोपलेल्या बाईकडे बघते.

"समोर," मी म्हणते. "कॅमेरा तिच्या हातात होता."