माझ्या अक्षरातला अर्ज

आमच्या घरासमोरच्या मोकळ्या मैदानात गिरणी कामगारांसाठी चार मजली चाळी होणार, ही बातमी बाबांनीच आणली. ज्या कचेरीत ती योजना ठरली तिथेच ते कारकून होते. एका खोलीत एक कुटुंब, आणि सगळ्या खिडक्या आमच्या अंगणाकडे. न्हाल्यावर मी अंगणात केस वाळवत बसायची. त्या दिवसापासून आत बसायला लागले.

एके दुपारी बाबा कामावर असताना शेजारचे सूतवाले काका दहाबारा जणांना घेऊन आले.

"पोरी, तू कॉन्व्हेंटची. चाळी नकोत असा अर्ज इंग्रजीत लिहून दे की. मराठी अर्ज कोण वाचतंय तिथं?"

मला नाही म्हणता आलं नाही. मला कुणालाच नाही म्हणता येत नसे. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. नळाला आताच हंडाभर पाणी येत नाही, हे खरंच होतं. मग काका म्हणाले, "आता लिही, गिरणीतली माणसं आली की चोऱ्या होतील." माझा हात थांबला. "लिही की!" मी लिहिलं.

अर्ज बाबांच्याच कचेरीत गेला, आणि रात्री जेवताना मला एकदम आठवलं. बाबांचे रजेचे अर्जही मीच लिहून देत असे. साहेब ते अक्षर ओळखणार. बाबांना सांगायचं धाडस झालं नाही. आठवडाभर ते घरी आले की मी आधी त्यांचा चेहरा बघायची.

मग साहेब मैदान बघायला आले. मागे फाइल धरून बाबा. मी दाराच्या फटीतून बघत होते. साहेबांनी अर्ज उघडला.

"कुणी लिहिलाय हा?"

"सगळ्यांनी मिळून, साहेब," काका म्हणाले.

साहेब बाबांकडे वळले. "अक्षर ओळखीचं वाटतंय. तुम्हाला?"

बाबांनी कागद हातात घेतला. सगळा वाचला. चोऱ्यांच्या त्या वाक्यावर ते थांबले, असं मला वाटलं.

"माझ्या मुलीचं आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची बदली गावाबाहेरच्या जकात नाक्यावर झाली. आई कडाडली, "कुणी सांगितलं होतं कबूल करायला?"

"अक्षर तिचंच होतं," बाबा म्हणाले. माझ्याशी मात्र ते काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पहाटे ते सायकल काढत आणि मी पांघरुणात डोळे मिटून पडून राही.

पंधरा दिवसांनी काका पुन्हा आले. "आता थेट मंत्र्यालाच लिहायचं. तेच लिही, जरा जोरात."

बाबा नुकतेच नाक्यावरून येऊन पाय धूत होते. "तिला विचारा," ते तिकडूनच म्हणाले.

अजून एक बदली झाली तर कुठं होईल? आणखी लांब, वैरागला? जेऊरला?

"पाण्याचं लिहीन," मी म्हणाले. आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. "चोऱ्यांचं नाही लिहिणार."

"बघा, पोरीला शिंगं फुटली!" काका हसले, पण कागद त्यांनी पुढे केला नाही. त्यांनी बाबांकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. तेवढा धीर माझ्यात नव्हता.