लवूचा फोटो

माझे काका दत्ताराम पेडणेकर यांचा मालवणात बाजारपेठेच्या टोकाला फोटोंचा स्टुडिओ होता. गिरगावातल्या एका फोटोग्राफरकडे सात वर्षं हाताखाली काम करून ते १९५३ साली गावी परत आले. अबोल माणूस. बोटं औषधांनी कायम पिवळी. लग्नं, साखरपुडे, शाळेतले गट, सगळं तेच काढायचे.

मालवणातल्याच मेढा वाडीतल्या यशोदाचा एकुलता एक मुलगा लवू. नवरा लवकर गेला, तेव्हा मासे सुकवून, विकून तिने त्याला वाढवला. १९५८ च्या कार्तिकात, एकोणीस वर्षांचा लवू एका गलबतावर खलाशी म्हणून निघाला. कौलं भरायला मंगळूर, तिथून पुढे काठेवाडपर्यंत. निघायच्या दिवशी दुपारी बारा वाजता यशोदा धावत स्टुडिओत आली. "दत्ताराम, झिलाचो एक फोटो काड. आजवर एकव काडूक नाय."

काका कॅमेऱ्याची पिशवी उचलून बंदरावर गेले. ऊन असं की पाण्याकडे बघवत नव्हतं. लवूने बाजारातून नवी टोपी घेतली होती, पुढे रुंद झापड असलेली. समुद्राकडे पाठ करून तो हसत उभा राहिला.

काका म्हणाले, "टोपी काड रे, तोंडार सावळी येता."

"रवांदे काका, नवी आसा."

यशोदाही म्हणाली, "रवांदे. टोपीत बरो दिसता."

काकांच्या पिशवीत फ्लॅश होता आणि दोन बल्ब. एक बल्ब एकदाच पेटायचा, मग जळून जायचा. मुंबईहून मागवले तर यायला महिना लागे. दुसऱ्या दिवशी कट्टा गावात लग्न होतं, घरात काळोख, दोन्ही बल्ब तिथे लागणार होते. आणि एवढ्या रखरखीत उन्हात दिवा कशाला लावायचा, असं त्यांनाही वाटलं. भरती लागली होती, गलबताचा तांडेल हाका मारत होता. काकांनी बटण दाबलं आणि लवू होडीत उतरला.

कागदावर उतरलं ते असं: मागचा समुद्र चांदीसारखा, सदऱ्याच्या बाह्या लखलखीत, अगदी बटणंसुद्धा मोजता येतील. आणि टोपीखाली काळा डाग. हनुवटीची कड तेवढी दिसत होती. काकांना वाईट वाटलं, पण लवू होळीला परत येईल तेव्हा चांगला काढू, असं त्यांनी यशोदाला सांगितलं. तिनेही ते मानलं.

माघात पोरबंदरच्या अलीकडे गलबत वादळात सापडलं. सहा माणसं गेली. लवू सापडला नाही.

पंधरा दिवसांनी यशोदा फोटो पदराखाली घेऊन आली. रडून रडून घसा बसला होता. "हेच्या तोंडार जरा उजेड कर. माका तेचा तोंड बघूचा आसा."

काका चार दिवस अंधारखोलीत बसले. तिथे कागद कमी काळा व्हावा म्हणून चेहऱ्याच्या जागी उजेड कमी पाडून छापून बघितलं, वेगळा कागद वापरून बघितला. पण निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी काचेसारखी कोरी जागा होती. जे फिल्मवर पडलंच नव्हतं ते कागदावर कुठून येणार? शेवटी त्यांनी टोकदार पेन्सिल घेतली आणि निगेटिव्हच्या त्या कोऱ्या जागेवरच हात चालवला. यशोदाचा तोंडवळा आणि लवूला आठवून डोळे काढले, नाक काढलं, ओठांच्या कोपऱ्यात हसूही आणलं. सीताकाकी म्हणायची, इतकं सुंदर काम त्यांच्या हातून पुन्हा झालं नाही.

यशोदाने तो फोटो उंबऱ्यात उजेडाकडे धरून खूप वेळ बघितला.

"डोळे बरे काडलंस," ती म्हणाली. "पण हे तू काडलंस. माज्या लवूचे न्हय." तिने फोटो टेबलावर ठेवला. "तो काळोच माका परत दी. तेच्यात तरी तो आसा."

त्या रात्री काका जेवले नाहीत.

पुढच्या सोमवारी त्यांनी मुंबईला बल्बांची एक अख्खी पेटी मागवली. ती आल्यावर भर दुपारी परसात सीताकाकीला उभं करून ते शिकत बसले. जवळून बल्ब उडवला की तिचा चेहरा पिठासारखा पांढरा यायचा. लांब गेलं की काहीच फरक पडायचा नाही. मग फ्लॅशवर हातरुमालाची एक घडी, दोन घड्या टाकून बघितलं. दोन घड्यांवर, सात पावलांवर जमलं. पदराच्या सावलीतले डोळे स्पष्ट आले, आणि मागचं ऊन उन्हासारखंच राहिलं.

तेव्हापासून गलबतावर जाणारा कोणीही असो, काका उन्हात फ्लॅश लावूनच फोटो काढायचे. बंदरावर लोक हसायचे. भाई तांडेल विचारायचा, "दुपारचो दिवो लावन कोणाक शोधतंस?" काका पुढचा बल्ब बसवायला घ्यायचे.

१९६४ च्या मार्गशीर्षात असंच एका खलाशाला ते बंदरावर उभं करत होते. मासळीची पाटी घेऊन यशोदा जवळून चालली होती. ती थांबली. बल्ब लखकन पेटला. काकांनी खलाशाला सांगितलं, "झाला. तोंड बरा येतला."

खलाशी गेल्यावर ती पुढे आली.

"हो दिवो तेवा तुज्याकडे होतो?"

नाही म्हणणं सोपं होतं. सहा वर्षांनी कोण बघायला जाणार होतं?

"होतो," काका म्हणाले. "पिशयेत दोन बल्ब होते. लग्नासाठी राखून ठेवलेले."

यशोदा पाटीकडे वळली. खाली ठेवलेली पाटी तिला एकटीने डोक्यावर घेता येईना. काका हात लावायला पुढे झाले, तर तिने मान हलवली आणि वाटेने येणाऱ्या दुसऱ्या बाईला हाक मारली.

यशोदा आणखी अकरा वर्षं जगली. त्या वर्षांत ती बाजारात स्टुडिओवरून कधी गेली नाही, मागच्या गल्लीने जायची. काका तिला लांबून बघायचे. एकदा सीताकाकीने विचारलं, खरं कशाला सांगितलंत? काका म्हणाले, "तिना इचारल्यान."