अक्कांची भाऊबीज

अक्कांच्या साडीला सात निऱ्या असत आणि सातही सारख्या. मी जमीनमोजणीच्या खात्यात नोकरी केली आहे, मोजल्याशिवाय बोलत नाही. माझ्या पत्नीने एकदा त्यांना विचारलं, "अक्का, मी पंधरा वर्षं साडी नेसतेय, तरी एखादी निरी पळतेच. तुम्हाला कसं जमतं?" अक्का म्हणाल्या, "वहिनी, एकतीस वर्षं लेथवर काढली. सूतभर फरक पडला की नग परत यायचा. हाताला सवय आहे."

एकतीस वर्षांपैकी शेवटची आठ अंबडच्या एका कारखान्यात गेली. तिथून १९८३ साली टर्नर म्हणून निवृत्त झाले ते नाना. पंचवटीत आमच्या शेजारी दोन खोल्यांत एकटे राहत. पत्नीला जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर दीड महिन्याने एका सकाळी नाना निळी सुती साडी नेसून नळावर पाणी भरायला आले. हंडा खाली ठेवून म्हणाले, "आजपासून मी अशीच. आत पहिल्यापासून अशीच होते. जमलं तर अक्का म्हणा."

मग आमच्या चाळीतल्या कुसुमताई म्हणाल्या, "का हो नाना, आता हळदीकुंकवालाही येणार वाटतं?" अक्का म्हणाल्या, "बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तर घरी चहा करून पिईन." आणि भरलेला हंडा उचलून गेल्या. पहिल्या वर्षी त्यांनी चहा घरीच प्यायला. दुसऱ्या वर्षी कुसुमताईंनीच हाक मारली.

मला सवय व्हायला वेळ लागला. पहिल्या आठवड्यात मी अकरा वेळा "नाना" म्हणून चुकलो आणि अकराही वेळा माफी मागितली. शेवटी त्याच वैतागल्या. "साहेब, चुका कमी करा नाहीतर माफ्या तरी. दोन्हींना ओ द्यायला मला वेळ नाही."

त्यांच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. काळा कोट, टोपी, पातळ मिशी आणि शेजारी नऊवारीतल्या शांताबाई. हा फोटो आता उतरेल असं सगळ्यांनाच वाटलं. अक्का मात्र दर रविवारी तो पुसत. मी एकदा न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, "कशाला काढू? तो माणूस वाईट नव्हता. शांताला त्याने कधी दुखवलं नाही, कामाला दांडी मारली नाही. एकदाच तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, मी आहे तोवर थांबा. थांबला. छप्पन वर्षं त्यानेच मला सांभाळलं. आता मी त्याला सांभाळते."

एकच गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. सायखेड्याला त्यांची थोरली बहीण होती, माई. नानांची भाऊबीज कधी चुकली नव्हती. अक्का झाल्यावर त्यांनी माईंना सगळं पत्राने कळवलं. उत्तर आलं नाही, म्हणून त्या वर्षी त्या गेल्या नाहीत. पुढे भाचा बाजाराला आला तेव्हा सांगून गेला, आईने चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. अक्का एवढंच म्हणाल्या, "जित्या माणसाचा चंद्र केला माईने."

पुढच्या दिवाळीत त्यांनी मला घरात बोलावलं. खाटेवर इस्त्री केलेली जुनी पँट आणि शर्ट होता. "हे घालून गेले तर ओवाळेल ती. तुम्ही मोजून सांगणारे. सांगा."

मी मोजून सांगितलं, "वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तुमचे आहेतच. एक दिवस बहिणीला द्या."

त्या बराच वेळ शर्टाच्या कॉलरवर हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यात जो जाईल त्याला ओवाळून माईला काय मिळणार? आणि मला तरी?" त्यांनी कपडे पेटीत ठेवले. माझा सल्ला चुकला होता. भरपाई म्हणून मी त्यांच्याबरोबर एसटीने सायखेड्याला गेलो.

माई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, काटक. त्यांनी अक्कांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझा भाऊ कुठं हाय?"

"मेलेला नाही, एवढंच सांगायला आले," अक्का म्हणाल्या. "पाणी देतेस की जाऊ?"

"लय तोंड सुटलंय. ये आत."

पाट मांडलेला होता, तबक तयार होतं. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. अक्का पाटावर बसल्या. माईंनी तबक उचललं आणि त्यांचे हात तसेच राहिले. अर्धं मिनिट गेलं असेल. त्यांनी तबक खाली ठेवलं आणि त्या माजघरात गेल्या. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठण्यासाठी जमिनीवर हात टेकला.

तेवढ्यात माई सूप घेऊन बाहेर आल्या. त्यात तांदूळ, नारळ आणि खण. "बस खाली. पदर पसर," त्या म्हणाल्या. "ओवाळायला माझा हात उचलंना. पर माहेरवाशीण दारात आली अन् रिकामी गेली, असं या घरात झालं नाय." मग त्यांनी ओटी भरली. भरता भरता म्हणाल्या, "आईला मी एकलीच लेक. पाठीला बहीण असावी असं लय वाटायचं. म्हातारपणी आलीस, मेले."

परतीच्या एसटीत अक्का ती ओटी मांडीवर धरून बसल्या. कंडक्टरने पिशवी वर ठेवायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही.

त्यानंतर तीन भाऊबिजा झाल्या. दरवर्षी ओटी. १९८८ च्या उन्हाळ्यात अक्का हृदयविकाराने गेल्या. निरोप मिळताच गावाकडचे दोन चुलतभाऊ आधी पोचले. त्यांनी येताना नवं धोतर आणि टोपी आणली होती. "शेवटचं तरी नीट होऊ द्या," थोरला म्हणाला. आम्ही शेजारी. रक्ताच्या नात्यापुढे काय बोलणार? कुसुमताई तेवढ्या पुटपुटल्या, "नीट म्हणजे काय?" पण ऐकू जाईल असं त्याही बोलल्या नाहीत.

अकराच्या सुमारास भाच्याचा हात धरून माई आल्या. त्यांच्या काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं. त्यांनी धोतराची घडी पाहिली आणि चुलतभावाला विचारलं, "हे कुणासाठी आणलं?"

त्याने टोपी धोतराखाली सारली.

"माझी बहीण गेली," माई म्हणाल्या. "तिला माहेरचं लुगडं मी आणलंय. बाईमाणसाला नेसवायचंय, बाप्यांनी बाहेर व्हा."

आम्ही नऊ पुरुष होतो. चुलतभावांसकट सगळे बाहेर जाऊन उभे राहिलो. कुसुमताईंनी आतून दार लावून घेतलं.