शेवंतीच्या नंबरावर दोघी

शेवंती माझ्या लक्षात राहिली ती मासे न विकल्यामुळे. कट्टा गावी आमच्या पडवीत तिने टोपली उतरवली. मी एक बांगडा उचलला, तर तिने तो हातातून काढून घेतला. "हो बांगडो तुमका नको, गुरुजीनू. कालचो आसा." तेव्हापासून आमच्याकडे मासे तिचेच.

ती आचऱ्याची. पहाटे बंदरावर मासे घ्यायचे आणि एसटीने कट्ट्याला येऊन ठरलेली घरं करायची, हा तिचा दिनक्रम. पुढे लोक मोबाईलवर निरोप लिहून मागणी कळवू लागले. पण एसटीत रेंज जायची आणि निरोप उशिरा पोचायचे. म्हणून बहिणीच्या मुलीने, किशोरीने, मावशीचा नंबर आपल्याही मोबाईलला जोडून घेतला. आलेला निरोप दोघींना दिसू लागला. सुरुवातीला एकाच सुरमईला दोघींनी होकार दिला आणि आमच्याकडे दोन सुरमया आल्या. मग दोघींनी नियम केला: जी मागणी घेईल तिने निरोपाखाली अंगठ्याचं चिन्ह उमटवायचं, दुसरीने तिकडे बघायचं नाही. किशोरीचं कौतुक शेवंती घरोघर सांगायची.

पावसाळ्यानंतर किशोरी स्कूटरवरून मासे आणू लागली. "मावशीन धाडल्यान," म्हणायची. आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही.

एके सकाळी नेहमीपेक्षा लवकरच शेवंती स्वतः दारात उभी. टोपली भरलेलीच होती.

"काय गुरुजीनू, पेन्शन लागली तशी मासे सोडून शेवग्याच्या शेंगांवर इलास काय?"

"अगं, काल तुझेच सौंदाळे खाल्ले."

"मी काल काय एक धाडूक नाय," ती म्हणाली. मी माझा मोबाईल दाखवला. माझी मागणी होती, खाली अंगठा होता. तिच्या मोबाईलमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. शेजारच्या सुगंधाबाईंनीही आपला मोबाईल आणला. तिथेही तसंच. जोडलेल्या दोन मोबाईलपैकी एकावर निरोप पुसला की दुसऱ्यावरचाही जातो, हे मला तेव्हा समजलं. लोक आपल्याला विसरले, असं समजून ती इतके दिवस गप्प राहिली होती.

तेवढ्यात किशोरीची स्कूटर सुगंधाबाईंच्या दारात थांबली. मावशीला बघून ती गोंधळली, पण लगेच म्हणाली, "मावशे, तू येयसर दुपार होता. लोकांनी उपाशी ऱ्हवाचा?"

"मग तसा माका सांगाचा होता. पुसलंस कित्याक?"

किशोरी पिशवीची गाठ सोडत राहिली.

"तुका मी नंबर दिलंय गो. घरां दिलंय नाय."

"घरां काय तुझ्या नावावर आसत?" किशोरी म्हणाली आणि सुगंधाबाईंना बांगडे मोजून दिले. सुगंधाबाईंनी खाली मान घालून ते घेतले.

शेवंतीने तिथेच किशोरीच्या मोबाईलला जोडलेला आपला नंबर बंद करवून घेतला. पण कट्ट्याच्या बहुतेक घरांना स्कूटरची वेळ सोयीची झाली होती. त्यांनी किशोरीचा नवा नंबर घेतला.

शेवंती आता कट्ट्याला येत नाही. ती आचऱ्यातच, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला सकाळी टोपली घेऊन बसते.