मोरीत एक बादली पाणी

माझ्या आईवर अन्याय झाला. आखाजीच्या सणानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, शनवाऱ्यातल्या एका घराच्या स्वयंपाकघरात. ते घर आम्ही विकत घेणार होतो. अन्याय करणाऱ्या काकू, म्हणजे घरमालकीणबाई, अतिशय प्रेमळ होत्या आणि त्यांचं हत्यार होतं मावा जिलेबी.

आईला एकच गोष्ट तपासायची होती: मोरीचा उतार. आमच्याच गावातल्या लालबाग भागात, भाड्याच्या घरात तिचं अर्धं आयुष्य तुंबलेलं पाणी हाकलण्यात गेलंय. रंग, फरशी, खिडक्या तिनं बाबांवर सोडून दिल्या. "मी फक्त एक बादली ओतणार. पाणी जाळीकडे गेलं तर घर आपलं. नाही गेलं तर आधी उतार करून द्या, मग बयाणा." मी वॉर्डातल्या नळांसाठी पत्रकं लिहिते. इतकी सरळ मागणी मलाही कधी लिहिता आलेली नाही.

पण आमच्या गावात पाहुणीनं बादलीला हात लावला की घरमालकिणीची इज्जत जाते. आई मोरीपाशी वाकली आणि काकू धावत आल्या.

"अहो भाभी, राहू द्या! पाहुण्यांनी काम करायचं का?"

"काम नाही हो, मला फक्त पाणी..."

"पाणी पाहिजे? बैठो, आणते ना!"

थंडगार पेला हजर. आईनं तो प्यायला. मग दुसरा. मग जिलेबी आली. दोन खाल्ल्यावर बाबांना भिंतीवरची ओल दिसेनाशी झाली.

दुसऱ्या रविवारी आई हात धुवायच्या निमित्तानं उठली, तर काकूंनी तांब्या आणून तिचे हात ताटातच धुवून दिले. मी पाण्याचा मग उचलून पुढे सरकले, तर तोही काढून घेतला. प्रेमानं! दडपशाहीत निदान समोरचा चिडतो तरी.

तिसऱ्या खेपेला मी पत्रक नेलं. 'मोरी तपासणे हा प्रत्येक आईचा हक्क आहे!' ओसरीत उभं राहून मोठ्यानं वाचलं. काकूंचे यजमान, म्हणजे काका, रिटायर मास्तर. ते डोळे मिटून ऐकत होते.

"वा बेटा, आवाज खणखणीत आहे. एक बार और पढ़ो."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या! मागणी होती तिथेच.

मग माझ्यापुढे एकच मार्ग उरला. मी मोरीत जाऊन धरणं धरून बसले. "बादली ओतल्याशिवाय उठणार नाही!"

"एवढंच ना?" म्हणत काकांनी भरलेली बादली उचलली आणि ओतली. पाणी गेलं नाही. माझ्याभोवती साचलं.

"बघा! उतारच नाही!"

"कसा दिसेल उतार? तू जाळीवर बसलीयेस," काका म्हणाले.

हे खरं होतं. चळवळीत असं होतं.

"ऊठ, येडे," आई म्हणाली.

मी उठले. पाणी क्षणभर थबकलं, मग जाळीकडे पाठ करून ओट्याखाली शिरलं आणि गॅसच्या सिलिंडरला वळसा घालून उभं राहिलं.

काका काकूंकडे बघायला लागले. "हे असं कधीपासून?"

"आज दिसलं का? रोज वायपर मारते ते काय व्यायाम म्हणून?"

"मग ह्यांना बादली का ओतू देत नव्हतीस?"

"घर विकलं नसतं तर मोरी माझ्याच गळ्यात राहिली असती!"

आई चिडेल असं वाटलं. तिनं विचारलं, "वायपर लाकडी दांड्याचा का?"

"हां. प्लॅस्टिकचा टिकत नाही."

काकांनी तोडगा काढला: उतार तुम्ही नंतर करून घ्या, मी नवी जाळी देतो. जाळी! पाणी जिथे येतच नाही तिथे जाळी! बाबा मान डोलावणारच होते. तोंडात जिलेबी होती.

"बयाण्याआधी. माझ्यासमोर," आई म्हणाली.

"आणि माझ्यासमोर," काकू म्हणाल्या.

मिस्त्रीनं मोरी फोडली आणि नवी घातली. ती वाळली तेव्हा काकू तिच्याकडे अशा बघत होत्या की घर विकतील की नाही, याची मलाच धास्ती वाटली. आईनं बादली उचलली. काकूंचा हात सवयीनं पुढे आलाच. "राहू द्या भा..."

आई बादलीसकट पाठ फिरवून उभी राहिली आणि तिनं ती ओतली. पाणी सरळ जाळीत गेलं. मग तिनं दुसरी ओतली. त्यात तपासायचं काही नव्हतं.

बयाणा त्याच दुपारी दिला. पण एका बादलीसाठी चार रविवार लागले, हे मी माफ केलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते, वाचणाऱ्यांनो. उद्या तुमचं घर बघायला कुणाची आई आली आणि मोरीकडे वळली, तर जिलेबीचं ताट खाली ठेवा, तोंड बंद ठेवा आणि बादली तिच्या हातात द्या. भरलेली.