नंदूचा बारावा नियम

काही घरांत बरण्या साठतात, काही घरांत प्लास्टिकच्या पिशव्या. आमच्या कार्ल्सरूहेच्या घरात किस्से साठतात, आणि तेही एका निळ्या ओर्डनरमध्ये. ओर्डनर म्हणजे जाड पाठीची, दोन भोकांची ती फाइल, जिच्यात जर्मन माणसाचं अख्खं आयुष्य मावतं. आमच्या ओर्डनरमध्ये जर्मनीतल्या मराठी विद्यार्थ्यांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे नियम आहेत.

दर मे महिन्यात पाच-सहा शहरांतल्या युनिव्हर्सिट्यांमधली मराठी मुलं आमच्या गावात खेळायला येतात. पहिल्या वर्षी नियम एका पानावर मावले होते. आता सहा पानं झालीत, कारण दर वर्षी कुणीतरी काहीतरी करून ठेवतं आणि मग त्याच्या नावाने एक नियम वाढतो. नाव अर्थात लिहीत नाहीत. ते सगळ्यांना पाठच असतं.

दीड वर्षापूर्वी मी लग्न करून इथे आले, तेव्हा अनिकेतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला आधी हा ओर्डनर दाखवला आणि मग किचन. तो शिक्षण संपवून स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात नोकरीला लागला होता, त्यामुळे स्पर्धेत खेळायला अपात्र. खेळता येईनासं झालं की माणूस नियम करायला लागतो. मी फारशी बोलत नाही आणि माझं अक्षर बरं आहे, एवढ्या पात्रतेवर नियम लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

यातले बरेचसे किस्से माझ्या लग्नाआधीचे आहेत. पण इतक्यांदा ऐकलेत, की त्या दिवशी मीही बाकावर बसले होते असं वाटतं. न पाहिलेल्या दिवसांची आठवण यायला लागली, की आपण खरंच त्या घरातले झालो असं समजावं.

*

नियम पहिला: खेळाडू युनिव्हर्सिटीत शिकत असला पाहिजे.

हा नंदूने लिहिला. स्पर्धाही नंदूनेच सुरू केली. त्याने लिहिताना फक्त ‘विद्यार्थी असावा’ एवढंच लिहिलं होतं. माणसांवर विश्वास ठेवायची त्याला सवय आहे.

दुसऱ्याच वर्षी ड्रेस्डेनच्या टीमने एक सहा फूट तीन इंचांचा ‘फर्स्ट सेमिस्टर’चा मुलगा आणला. त्याला जरा टक्कल पडलं होतं. कॅप्टन म्हणाला, ‘‘टेन्शन असतं हो पहिल्या सेमिस्टरला.’’ मुलाने पहिल्या हाफमध्ये अठरा पॉइंट केले.

हाफ टाइमला पाच वर्षांची एक चिमुरडी थेट कोर्टवर आली आणि त्याच्या गुडघ्याला मिठी मारून खणखणीत जर्मनमध्ये म्हणाली, ‘‘बाबा, आई म्हणते लवकर हर. सोमवारी तुला ऑफिस आहे आणि माझ्या किंडरगार्टनची मीटिंगपण आहे.’’

रेफरी जर्मन होता. त्याला सगळं कळलं. गृहस्थ चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं इंजिनिअर होते. तेव्हापासून ‘इमाट्रिकुलेशन’चा, म्हणजे शिकत असल्याचा दाखला टेबलावर ठेवल्याशिवाय कुणालाही बूट बांधू देत नाहीत.

*

नियम चौथा: खेळाडूला मराठी बोलता आलं पाहिजे.

याला कारण लुकास. अनिकेत शिकत असताना नंदूबरोबर एका शेअर फ्लॅटमध्ये राहायचा, तिथे शेजारच्या खोलीत हा लुकास होता. दारातून वाकून येणारा. आमच्या टीमने त्याला खेळवायचं ठरवलं तेव्हा म्युनिकच्या कॅप्टनने आक्षेप घेतला. ‘‘मराठी स्पर्धा आहे. भाषेची परीक्षा घ्या. दोन्ही टीमची घ्या, आम्हाला भीती नाही.’’

परीक्षक नंदू. त्याने लुकासला विचारलं, ‘‘काय रे, जेवलास का?’’

लुकास म्हणाला, ‘‘हो, पण तुमच्याकडे अर्धा कप चहा घेईन.’’

लुकास तीन वर्षं नंदूबरोबर स्वयंपाक करत होता, हे म्युनिकला ठाऊक नव्हतं.

मग म्युनिकच्या सेंटरला खेळणाऱ्या पोराची पाळी आली. आडनाव अस्सल सातारी, जन्म म्युनिकचा. नंदूने त्यालाही तेच विचारलं. पोराला कळलं सगळं. मान हलवली, हसला आणि म्हणाला, ‘‘या, गेनाऊ.’’ म्हणजे जर्मनमध्ये ‘हो, बरोबर’.

नंदूने पुन्हा विचारलं. तो पुन्हा ‘‘गेनाऊ’’ म्हणाला आणि कॅप्टनकडे बघायला लागला.

लुकास पास, सातारकर नापास. मॅचनंतर सातारकराच्या आईने लुकासला जवळ बोलावून डब्यातली करंजी दिली आणि मुलाला म्हणाली, ‘‘बघ, शीक जरा काहीतरी.’’

*

नियम सातवा मला सगळ्यात आवडतो: नव्या विद्यार्थ्याला उंची विचारू नये.

बाहेरच्यांना हे कळत नाही. इथे नव्या पोराला काय हवं असतं? खोली. आणि तीही अशी, की जिथला पत्ता सरकारदरबारी नोंदवता येईल. त्याशिवाय बँक नाही, फोन नाही, काहीच नाही. त्यामुळे स्टुटगार्टच्या सीनियर मुलांनी एक पद्धत काढली होती. नव्या ॲडमिशनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायचे, ‘‘खोली आहे. पलंग जरा लहान आहे, म्हणून उंची कळवा.’’ ज्याची उंची चांगली, त्याला खोली मिळायची आणि सोबत एक जर्सी.

जळगावच्या अथर्वला स्टुटगार्ट आणि आमचं, दोन्ही गावांत ॲडमिशन होती. त्याने हा मेसेज सरळ मनाने वाचला. पलंग लहान म्हटल्यावर त्याने उंची पाच फूट तीन इंच लिहिली. कशीही पाय दुमडून झोपेन, पण खोली जायला नको. स्टुटगार्टने त्याला कळवलं, ‘‘सॉरी, खोली गेली.’’

पोरगा रडकुंडीला आला. नंदूला कुणाकडून तरी कळलं. त्याने आपली स्वतःची खोली त्याला द्यायची ठरवली, स्वतः लुकासच्या सोफ्यावर गेला आणि फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्याला आणायला पोचला. लहानखुरा पोरगा, बॅगा जड असतील, म्हणून ट्रॉलीसुद्धा घेऊन उभा होता.

दार उघडलं आणि सहा फूट दोन इंचांचा अथर्व बाहेर आला. आल्या आल्या म्हणाला, ‘‘दादा, सॉरी. मी खोटं बोललो. पण मी अंगाची जुडी करून झोपेन.’’

त्या वर्षी आम्ही स्टुटगार्टला बावीस पॉइंटांनी हरवलं.

*

आता नंदूबद्दल सांगायलाच हवं.

नंदूला येऊन सात वर्षं झाली होती. बरोबरीची मुलं शिकली, नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली. नंदूचा थीसिस झाला होता, ज्या लॅबमध्ये तो केला ती लॅबही आता तोच सांभाळायचा, सगळे पेपर झाले होते, फक्त एक राहिला होता, फ्लुइड मेकॅनिक्सचा. इथे परीक्षेला नाव नोंदवता येतं आणि आदल्या दिवशी काढूनही घेता येतं. नंदू दर सेमिस्टरला नाव नोंदवायचा आणि आदल्या दिवशी काढून घ्यायचा. पेपर अवघड होता म्हणून नव्हे. हाच विषय त्याने अथर्वला शिकवला आणि अथर्वला उत्तम मार्क पडले.

पेपर दिला की शिक्षण संपलं. शिक्षण संपलं की पहिला नियम लागू.

त्याची आई रविवारी मला फोन करायची. त्याला केला तर तो विषय बदलतो म्हणून. ‘‘अगं, खरं सांग,’’ एकदा त्यांनी विचारलं, ‘‘तिकडे कोर्स एवढे मोठे असतात का?’’

मी म्हटलं, ‘‘काकू, जर्मन लोक सगळं सावकाश करतात.’’ फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. संपूर्ण जर्मन राष्ट्रावर मी खोटा आळ घेतला होता.

मागच्या शरदात नंदूचा व्हिसा वाढवून मिळाला, पण मार्चपर्यंतच. ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं होतं, हे शेवटचं. मार्चपर्यंत पदवी नाही, तर बॅगा भरा. सात वर्षं घालवून रिकाम्या हाताने परत. हे त्याने आम्हाला लुकासच्या वाढदिवसाला, केक खाता खाता, इतर बातम्यांसारखं सांगितलं.

त्यानंतर आठ दिवस अनिकेत ओर्डनर उघडून बसला होता.

*

बाराव्या नियमाची मीटिंग आमच्या किचनमध्ये झाली. रविवार दुपार होती. नंदू आणि अथर्व समोर, बाकीच्या गावांचे कॅप्टन लॅपटॉपवर, आणि मी कोपऱ्यात वही घेऊन.

अनिकेतने प्रस्ताव मांडला, ‘‘कोणत्याही खेळाडूला तीनच स्पर्धा खेळता येतील.’’

लॅपटॉपवरचा ड्रेस्डेनचा कॅप्टन खाली बघायला लागला.

‘‘हा माझ्यासाठी आहे का?’’ नंदूने विचारलं.

‘‘सगळ्यांसाठी आहे.’’

‘‘सगळ्यांमध्ये सहा स्पर्धा खेळलेला दुसरा कोण आहे रे?’’

‘‘नंद्या, तू पेपर दे,’’ अनिकेत म्हणाला. ‘‘तू असाही खेळणार नाहीस. मग पेपर न देण्याचं कारण काय उरलं?’’

नंदूने रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, ‘‘तुला शनिवारी घरी बायको असते. अथर्वला असाइनमेंट असतात. मी पेपर दिल्यावर शनिवारी सकाळी दहा वाजता कुठे जाऊ, तेवढं सांग.’’

अथर्व मान खाली घालून बसला होता. अनिकेत उठून खिडकी उघडायला गेला, जी उघडीच होती.

मी चहा ओतला. मग सगळ्यांनी एकेक करून हात वर केले. अथर्वचा हात खांद्यापर्यंतच आला. शेवटी नंदूने स्वतःचा हात वर केला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘लिहा वहिनी. एकमताने मंजूर.’’

मी लिहिलं. वाचून दाखवलं. माझा आवाज मुळातच बारीक. सगळे म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे, आणि लॅपटॉप बंद झाला. संध्याकाळी मी टाइप करून सगळ्या कॅप्टनना सहीसाठी पाठवलं. अनिकेत न वाचता सही करतो. ऑफिसात करत नाही, घरी करतो.

*

फेब्रुवारीत नंदूने पेपरला नाव नोंदवलं. पेपरच्या आदल्या दिवशी लुकास सकाळपासून त्याच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. नाव काढून घ्यायची वेळ टळल्यावरच उठला. निकाल लागला चार पॉइंट शून्य; इथे एक म्हणजे उत्तम आणि चार म्हणजे काठावर पास. काकूंनी गावात पेढे वाटले. मार्क कुणी विचारले, तर त्या म्हणायच्या, ‘‘चारपैकी चार.’’

मे महिन्यात स्पर्धा आली. सकाळी नोंदणीच्या टेबलावर अनिकेत ओर्डनर घेऊन बसला होता आणि शेजारी मी स्कोअरशीट घेऊन. पोरं दाखले दाखवत होती, बूट बांधत होती. नंदू येईल, बाकावर बसेल, कोचिंग करेल, असं सगळे धरून चालले होते. अनिकेतने त्याच्यासाठी मुद्दाम एक चांगली खुर्ची आणून ठेवली होती.

नंदू आला तो हाफ पँटमध्ये. त्याने एक कागद टेबलावर ठेवला. कोराकरकरीत दाखला. पीएचडी, पहिलं सेमिस्टर.

‘‘सर म्हणाले, लॅब तूच चालवतोस, आता राहाच,’’ तो म्हणाला.

अनिकेत उभा राहिला आणि त्याने नंदूला घट्ट मिठी मारली. मग अनिकेतला आपण कोण आहोत ते आठवलं. तो खाली बसला.

‘‘नंद्या, पण बारावा नियम आहे.’’

‘‘वाच की.’’

अनिकेतने ओर्डनर उघडला आणि मोठ्याने वाचलं, ‘‘कोणत्याही खेळाडूला एका पदवीसाठी शिकत असताना तीनच स्पर्धा खेळता येतील.’’

तो थांबला. पुन्हा वाचलं, या वेळी मनात.

‘‘हे ‘एका पदवीसाठी शिकत असताना’ आपण कधी ठरवलं?’’

ड्रेस्डेनचा कॅप्टन बूट बांधता बांधता म्हणाला, ‘‘मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं ना. सगळ्यांच्या सह्या आहेत. तुझीपण आहे बघ.’’

अनिकेतने सही बघितली. मग हळूहळू माझ्याकडे बघितलं.

मी पेनाचं टोपण काढलं, स्कोअरशीटवर सहाव्या ओळीत नाव लिहिलं आणि विचारलं, ‘‘नंदूभाऊजी, जर्सीचा नंबर तोच ना?’’